सैन्यातून निघालेला ४×४ ट्रक: हवा उतरते, चाक तापते, घाटात दम जातो

कातळवाट

नमस्कार मंडळी. लिलावातून आलेल्या, दीड वर्ष उभ्या असलेल्या ५ टनी ४×४ ट्रकबद्दल विचारायचे आहे. आता त्यावर पाण्याची टाकी बसवलेली आहे. इंजिन ६ सिलिंडर टर्बो, डिझेल पंप इनलाइन, २४ व्होल्ट, पूर्ण एअर ब्रेक, मागच्या दोन्ही चाकांवर स्प्रिंग बूस्टर (ब्रेक लावणारा हवेचा डबा, आत हँडब्रेकची स्प्रिंग), फोर-सर्किट प्रोटेक्शन व्हॉल्व्ह, टायर १२.००-२०. तक्रारी तीन:

१. रात्री हँडब्रेक लावून ८ बारवर गाडी बंद केली की सकाळी हवेच्या मीटरचे दोन्ही काटे ५ च्या आसपास असतात. त्याखाली मात्र जात नाहीत.
२. मागचे डावे चाक १५ किलोमीटरमध्ये इतके तापते की हबवर हात ठेववत नाही. उजवे कोमट असते.
३. कुंभार्ली घाटाच्या चढाला ४-५ किलोमीटर गेल्यावर ताकद जाते. काळा धूर नाही, पांढराही नाही. दहा मिनिटे थांबले की पुन्हा व्यवस्थित चढते.

सल्ला असा मिळाला आहे की कॉम्प्रेसर किट, फूट व्हॉल्व्ह (ब्रेक पॅडलखालचा), रिले व्हॉल्व्ह (मागच्या बूस्टरांना हवा देणारा) आणि डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन एकदमच करून घ्या. खर्च मोठा आहे. आधी नेमके काय तपासावे?

हवाबंद

कॉम्प्रेसर किट आजच यादीतून काढा. इंजिन बंद असताना हवा उतरते त्यात कॉम्प्रेसरचा दोष नसतो. त्याची परीक्षा वेगळी आहे. एअर टाक्या ड्रेन करा, इंजिन चांगल्या आरपीएमवर ठेवा आणि ३.५ वरून ६ बारवर जायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. ३ मिनिटांच्या आत झाले तर कॉम्प्रेसर ठीक. जास्त लागला तर आधी एअर फिल्टर आणि डिलिव्हरी पाइपातला कार्बन पाहा, किट त्यानंतर.

तुमच्या पहिल्या तक्रारीतच अर्धे उत्तर आहे. दोन्ही काटे ५ वर थांबतात ना? फोर-सर्किट व्हॉल्व्हचे कामच ते आहे. एका सर्किटमधून हवा गेली तर बाकीची सर्किटे साधारण ४.५ ते ५.५ बारवर बंद करून राखायची. गळती पुढच्या किंवा मागच्या ब्रेक सर्किटमध्ये असती तर एक काटा शून्याकडे गेला असता आणि दुसरा थांबला असता. तुमचे दोन्ही थांबतात, म्हणजे गळती तिसऱ्या किंवा चौथ्या सर्किटमध्ये आहे. चौथ्यावर हॉर्न, एक्झॉस्ट ब्रेक वगैरे असतात आणि लष्करी गाडीत वर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स), डिफ लॉक (डावे-उजवे चाक एकत्र जखडणारी सोय) आणि पुढचा अ‍ॅक्सल जोडण्याचे एअर सिलिंडर. साध्या ट्रकवर काम केलेले फिटर नेमके हे विसरतात, कारण त्यांच्या गाडीत ते नसतातच.

तपासायचे असे:

गाडी सपाट जागी, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावलेलाच ठेवा. ट्रान्सफर आणि डिफ लॉकच्या स्विचांची प्रत्येक स्थिती पाच-पाच मिनिटे ठेवून काट्याची नोंद घ्या. एखाद्या स्थितीत काटा वेगाने पडला तर त्या सिलिंडरची लाइन संशयित. मग साबणाचे पाणी. फेस दाट हवा, नुसते पाणी टाकून बारीक गळती दिसत नाही. प्रत्येक जोड, प्रत्येक सोलेनॉइडचे एक्झॉस्ट भोक, टाकीखालचा ड्रेन कॉक. संशयित लाइन सापडली की मूळ जोडापाशी प्लग मारून एक रात्र ठेवा. सकाळी काटा हलला नसेल तर जागा पक्की. मगच पार्ट विकत घ्या.

पाटाकमान

हवाबंदांच्या म्हणण्यात एक भर. डिफ लॉकच्या सिलिंडरचे सील गेले तर काही गाड्यांत हवा बाहेर येतच नाही, थेट अ‍ॅक्सलच्या हौसिंगमध्ये शिरते. साबणाला फेस येत नाही आणि माणूस दिवसभर शोधत बसतो. ओळखायची सोपी खूण: लॉक लावा आणि अ‍ॅक्सलवरच्या ब्रेदरच्या (हौसिंगचा दाब सोडणाऱ्या भोकाच्या) तोंडावर ओले बोट धरा. सतत वारा लागला की सील गेले.

हे तसेच ठेवले तर पुढचे नुकसान मोठे आहे. हौसिंगमध्ये दाब वाढतो, ब्रेदर चिखलाने बुजलेला असेल तर त्याला दुसरी वाट नसते, आणि तेल हबच्या सीलमधून ड्रममध्ये उतरते. मग ब्रेकचा लाइनर तेलकट होतो. हबचे सील वर्षात दोनदा बदलूनही गळत असेल तर सीलला दोष देण्याआधी ब्रेदर काढून फुंकून पाहा.

सैन्याच्या गाड्यांचा मागचा डिफरन्शियल पांढरा रंगवलेला असतो आणि त्यावर छोटा दिवा असतो. रात्री काफिल्यात मागच्या ड्रायव्हरला पुढची गाडी दिसावी म्हणून ती सोय. लिलावानंतर पुष्कळजण त्यावर काळा रंग मारतात. मारू नका. पांढऱ्या गोळ्यावर तेलाचा पहिला ओघळ लगेच डोळ्यात भरतो. काळ्यावर तो महिनाभर कळत नाही.

एस_कॅम

दुसऱ्या तक्रारीकडे येतो. चाक तापण्याची कारणे दोन गटांत वाटा. ब्रेक सुटत नाही, किंवा बेअरिंग घट्ट आहे अथवा गेले आहे. चाक जॅकवर घ्या, हवा पूर्ण, हँडब्रेक सोडा, हाताने फिरवा. ब्रेक धरत असेल तर घासल्याचा आवाज येऊन चाक जड फिरते. बेअरिंगचा दोष असेल तर खरखर लागते किंवा चाक वर-खाली हलते. ताप कुठे जास्त आहे हेही पाहा. ड्रम पेटलेला आणि हबची टोपी त्या मानाने थंड असेल तर ब्रेक. टोपी सर्वांत गरम असेल तर बेअरिंग.

ब्रेकच असेल तर बूस्टरची दांडी मोजा. ६ ते ७ बार हवा असताना एकाने पॅडल पूर्ण दाबून धरायचे, दुसऱ्याने दांडीवर खडूची खूण करून किती सरकली ते मोजायचे. टाइप २४ बूस्टरला जास्तीत जास्त ४५ मिलिमीटर, टाइप ३० ला ५०. एकाच अ‍ॅक्सलवर डाव्या-उजव्यात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग पॅडल सोडून पाहा, दांडी झटक्यात पूर्ण आत गेली पाहिजे. थबकत, हळूहळू गेली तर पुढीलपैकी एक: कॅम शाफ्टची बुश सुकलेली, शूची रिटर्न स्प्रिंग मेलेली, रोलर गंजलेला, किंवा बूस्टरमधून हवा पूर्ण सुटत नाही. दीड वर्ष उभ्या गाडीत पहिले कारण सगळ्यांत जास्त सापडते. स्लॅकची (दांडी आणि कॅम शाफ्ट जोडणाऱ्या हाताची) पिन काढून कॅम शाफ्ट हाताने फिरवून पाहा, सहज फिरला पाहिजे.

मॅन्युअल स्लॅक लावताना शू ड्रमला टेकेपर्यंत आवळा आणि मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. आवळताना कॅम कुठल्या दिशेला फिरतो त्यावर डोळा ठेवा. उलट दिशेने फिरवला की ब्रेक ढिला होत जातो आणि तरीही नट घट्ट लागतो.

कातळवाट

मोजून आणले. कॉम्प्रेसर ठीक, ३.५ ते ६ बारला २ मिनिटे १० सेकंद. डिफ लॉक लावल्यावर काटा वेगाने पडतो आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या ब्रेदरला वारा लागतो. म्हणजे पाटाकमान म्हणाले तेच.

चाकाचे: डावी दांडी ४०, उजवी ३८. कॅम शाफ्ट दोन्ही मोकळे. तरी डावे चाक हाताने जड फिरते. आणखी एक गोष्ट लक्षात आली. हँडब्रेक सोडला की मागच्या रिले व्हॉल्व्हच्या तळाच्या भोकातून बारीक 'सूं' आवाज येतो. हँडब्रेक लावला की बंद होतो. मग रिले व्हॉल्व्ह बदलावा लागेल ना?

हवाबंद

थांबा, रिले व्हॉल्व्हला हात लावू नका. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

स्प्रिंग बूस्टरमध्ये दोन खोल्या असतात. पुढची सर्व्हिस ब्रेकची, मागची पार्किंगची, आणि मधल्या भिंतीतून एक दांडी जाते. त्या दांडीभोवती सील असते. हँडब्रेक सोडला म्हणजे मागच्या खोलीत हवा भरते आणि स्प्रिंग दबते. मधले सील गेले असेल तर ही हवा पुढच्या खोलीत झिरपते. पॅडल दाबलेले नसताना पुढच्या खोलीची लाइन रिले व्हॉल्व्हमधून वातावरणाला उघडी असते, म्हणून आवाज रिलेच्या भोकातून येतो. हँडब्रेक लावला की मागची खोली रिकामी, गळती बंद. तुम्ही सांगितलेली खूण हीच आहे. झिरपणारी हवा त्या चाकाच्या सर्व्हिस खोलीत थोडा दाब धरून ठेवते, शू ड्रमला टेकलेले राहतात आणि चाक तापते.

खात्री करून घ्या. चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक सोडलेला आणि पॅडल मोकळे ठेवून, डाव्या बूस्टरचा सर्व्हिस होज बूस्टरपाशी सोडवा. बूस्टरच्या तोंडातून हवा येत राहिली तर बूस्टरचे सील. होजमधून येत राहिली तर दोष रिले व्हॉल्व्हचा किंवा दुसऱ्या बूस्टरचा. मग उजव्याची हीच परीक्षा.

रात्रीच्या गळतीशी याचा संबंध नाही, कारण रात्री हँडब्रेक लावलेला असतो आणि मागची खोली रिकामीच असते. दोन तक्रारी, दोन वेगळे दोष. एकाच किटने दोन्ही जातील असे समजू नका.

एस_कॅम

आणि कळकळीने सांगतो: स्प्रिंग बूस्टरचा मागचा कडेचा क्लॅम्प कधीही उघडू नका. आत टनाच्या जवळपास जोराची दाबलेली स्प्रिंग असते. क्लॅम्प सुटला की झाकण तोफेच्या गोळ्यासारखे येते. यात माणसे गेली आहेत. बूस्टर उतरवण्याआधी मागच्या रबरी टोपीखालच्या भोकात केजिंग बोल्ट घाला, पाव फेरा फिरवून अडकवा, नट आवळून स्प्रिंग मागे ओढून धरा. हवा भरून हँडब्रेक सोडलेला असेल तर नट सहज बसतो. पूर्ण युनिट बदला. स्प्रिंगकडची बाजू कोणी ठोकून उघडून देतो म्हणाला तर गाडी तिथून काढा. जुने युनिट भंगारात देतानाही बोल्ट तसाच राहू द्या आणि भंगारवाल्याला स्पष्ट सांगा.

नोझल२४

तिसऱ्या तक्रारीवर. धूर नसताना ताकद जाणे म्हणजे इंजिन उपाशी आहे. हवा कमी पडली असती तर काळा धूर निघाला असता: फिल्टर चोंदला, टर्बोचा होज फाटला, इंटरकूलरचा जोड निसटला. डिझेल कमी पडले की धूर नसतो, आवाज सपाट होतो आणि आरपीएम हळूहळू खाली येतो. थांबल्यावर पुन्हा ठीक होते याचा अर्थ डिझेल टाकी ते पंप या वाटेवर काहीतरी अडते आणि थांबल्यावर मोकळे होते. पंपाचे कॅलिब्रेशन बिघडले तर ते दहा मिनिटांनी आपोआप सुधारत नाही. त्यामुळे पंप अजून उतरवू नका, त्याचे सील तर मुळीच तोडू नका.

खर्च नसलेल्या कामापासून सुरुवात करा.

ताकद गेली त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन टाकीचे झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास बंद आहे. झाकणातले व्हेंट धुवा. खोल पाण्यातून जाण्यासाठी बनवलेल्या गाड्यांत काही वेळा व्हेंटला नळी जोडून ती उंच नेलेली असते, त्या नळीत मातीच्या माश्यांची घरटी सापडतात.

झाकण ठीक असेल तर टाकीतला सक्शन पाइप. त्याच्या टोकाला जाळी असते. दीड वर्ष उभ्या टाकीच्या तळाशी पाणी साठते, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतूंची काळी बुळबुळीत साय धरते, ती जाळीला चिकटते. थांबलात की ओढ बंद होते, साय खाली बसते, गाडी पुन्हा चालते. तुमची वर्णने याच्याशी बरोबर जुळतात. टाकी उतरवून तळाचा प्लग काढा, आतून धुवा, जाळी साफ करा. वरून औषध ओतून हे जात नाही, मेलेली साय फिल्टरमध्ये जाऊन अडकते.

तिसरे, सक्शन होज. जुना रबरी होज बाहेरून चांगला दिसतो, आतला थर सुटून ओढीने मिटतो. आणि चौथे, हवा. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ही बाजू ओढीची आहे. तिथला जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. कोरडा दिसतो म्हणून जोड चांगला असे धरू नका. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर तिथपासून मागे शोधा. दिसले नाहीत पण डिझेल संथ येते, तर अडथळा.

शेवटची खात्री: स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच, पक्का बांधून, त्यातून थेट फीड पंपाला नळी द्या आणि उभ्या गाडीवर जास्त आरपीएमला इंजिन चालवून पाहा. एरवी मंदावणारे इंजिन कॅनवर टिकले तर दोष टाकीकडे. कॅनवरही तसेच झाले तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, फिल्टर आणि डिझेल पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह या क्रमाने. ओव्हरफ्लोची स्प्रिंग तुटली की डिझेल गॅलरीत दाब न धरता परतीच्या नळीने टाकीत जाते आणि गरम झाल्यावर ताकद पडते. छोटा, स्वस्त पार्ट आहे. पंप उतरवण्याआधी तो बदलून पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

काम झाल्यावर हवा काढण्याचा क्रम: हँड प्रायमर मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू, बुडबुडे संपून सलग धार आली की बंद. मग पंपाच्या गॅलरीचा स्क्रू. मग नोझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा ढिले करून स्टार्टर मारा, डिझेल उसळले की एकेक आवळा. त्या वेळी बोट किंवा तळहात तिथे नेऊ नका, नोझलच्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते. स्टार्टर एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती.

मीटरवाला

स्टार्टरचा विषय निघाला म्हणून २४ व्होल्टची एक गोष्ट. लिलावाच्या गाडीत पुढचा मालक टेप, चार्जर, एलईडी असे १२ व्होल्टचे सामान एकाच बॅटरीवरून घेतो. दोन बॅटऱ्या ओळीत असतात, चार्ज दोघींना सारखाच मिळतो, पण एक जास्त रिकामी होते. काही महिन्यांत ज्या बॅटरीवरून सामान घेतले ती उपाशी मरते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. मग 'बॅटऱ्याच खराब दिल्या' अशी तक्रार. १२ व्होल्ट हवे असतील तर कन्व्हर्टर बसवा. आणि बदलताना दोन्ही बॅटऱ्या एकाच वयाच्या, एकाच क्षमतेच्या.

मोजमाप: इंजिन चालू असताना बॅटरीवर २७.५ ते २८.५ व्होल्ट. स्टार्टर मारताना १८ च्या खाली जायला नको. खाली गेला तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे थेट इंजिन ब्लॉकवर धरून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थची केबल दोषी. स्टार्टर उतरवण्याआधी हे दोन मिनिटांचे काम करा.

सीमारेषा

धागा वाचतो आहे. इथे सगळे सह्याद्रीच्या उंचीचे बोलणे चालले आहे, पण हे ट्रक ज्यासाठी बनले तिथले नियम थोडे वेगळे आहेत. लडाखमध्ये काम करणारे बरेच मराठी फिटर हे वाचत असतील म्हणून लिहितो.

उंचीवर पहिली गोष्ट रेडिएटरची टोपी. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. ५,००० मीटरवर वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५३ टक्के असतो आणि पाणी ८३ अंशांनाच उकळते. बहुतेक थर्मोस्टॅट ८० च्या आसपास उघडायला लागतात. म्हणजे टोपी दाब धरत नसेल तर इंजिन नीट तापायच्या आधी पाणी उकळू लागते, आणि मीटरवर काटा अजून हिरव्यातच असतो. ड्रायव्हर म्हणतो मीटर बिघडला. मीटर खरे सांगत असतो. टोपी ०.५ बार धरत असेल तर आतला एकूण दाब १ बारच्या वर जातो आणि उकळणे पुन्हा १०० अंशांपाशी येते. ०.९ बारची टोपी ११० पर्यंत नेते. टोपीचे रबर पाहा, स्प्रिंग टेस्टरवर तपासा, आणि रेडिएटरच्या तोंडाची बैठक पिचकलेली नाही ना ते बोट फिरवून पाहा. पंप, थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट यांच्या आधी. मूळ टोपी किती बारची आहे तीच बसवा. जास्त दाबाची बसवली तर जुना रेडिएटर फुटतो.

दुसरे, कॉम्प्रेसर. हवाच निम्मी आहे म्हणून हवा भरायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. हवाबंदांनी दिलेला ३ मिनिटांचा हिशोब खालचा आहे. वर त्यावरून कॉम्प्रेसर नापास करू नका.

तिसरे, थंडी. कूलंट पाणी-ग्लायकॉल ५०:५० केला तर गोठण उणे ३७ च्या आसपास जाते. ६० टक्के ग्लायकॉलला उणे ५० च्या जवळ. पण जास्त ते चांगले असे समजून नुसते ग्लायकॉल भरू नका, शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठते. डिझेलचे म्हणाल तर साधे डिझेल तिथल्या थंडीत मेणासारखे होते आणि पहिले फिल्टर चोंदते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून इंडियन ऑइल लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल देते. खालून वर जाणाऱ्या गाडीत साधे डिझेल शिल्लक असेल तर मिसळ कमजोर होते, म्हणून चढण्याआधी टाकी तळाला आणून हिवाळी डिझेल भरा आणि अर्धा तास इंजिन चालवा, म्हणजे ते फिल्टर आणि पाइपांत पोचते. टाकीखाली जाळ करण्याची सवय पूर्ण सोडा.

एअर टाक्या रोज संध्याकाळी, गाडी गरम असतानाच ड्रेन करा. सकाळी ड्रेन करायला जाल तर पाण्याचा बर्फ झालेला असतो आणि कॉक उघडत नाही. व्हॉल्व्हमध्ये बर्फ अडकला की ब्रेक एकतर लागत नाही किंवा सुटत नाही.

शक्तिमानप्रेमी

सैन्याच्या जुन्या शक्तिमान ट्रकबद्दल कोणी बोलले नाही. जबलपूरला १९५९ पासून १९९६ पर्यंत हे बनले, मूळ जर्मन मान (MAN) कंपनीच्या ४१५ ट्रकचा परवाना. आधी गन कॅरेज फॅक्टरीत, मग वाहन कारखाना उभा राहिल्यावर तिथे. अजूनही काही चालू आहेत.

त्याच्या इंजिनावर एक चुकीचा आरोप कायम होतो. थंड असताना स्टार्ट केल्यावर पांढरट निळा धूर, डोळे चुरचुरतात, आणि लोक रिंग-पिस्टन बदलायला निघतात. त्या इंजिनात डिझेल पिस्टनच्या डोक्यातल्या गोल खळग्याच्या भिंतीवर पसरवले जाते आणि तिथून वाफ होऊन जळते. भिंत थंड असली की वाफ नीट होत नाही, कच्चे डिझेल धूर बनून बाहेर येते. त्यामुळे निकाल द्यायचा तो पूर्ण तापल्यावर. गरम इंजिनवर भार देऊन चालवल्यावर धूर गेला तर रिंग ठीक. गरम असतानाही, विशेषतः उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर निळा लोट आला, तर मग तेल. तो व्हॉल्व्ह गाइडचा की रिंगचा ते कॉम्प्रेशन घेऊन ठरवा: एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आले तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा घ्या. वाढले तर रिंग, तेवढेच राहिले तर व्हॉल्व्ह.

टाट्रा८×८

टाट्रा ट्रकचेही दोन शब्द, कारण ती गाडी बाकीच्यांपेक्षा मुळातच वेगळी आहे. १९८६ पासून भारतीय सैन्यात आहे. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेला पिनाका रॉकेट लाँचरही टाट्रावर बसवलेला आहे. या इंजिनात रेडिएटर नाही, हवेने थंड होते. ताप वाढला तर कूलंट शोधायचा नसतो, सिलिंडरवरच्या थंड करणाऱ्या पात्यांमधली (फिन) माती शोधायची असते. कुठेतरी तेल पाझरते, त्यावर धूळ बसते, पक्का थर होतो आणि दोन सिलिंडर भाजत राहतात. आधी तेलाचा पाझर बंद करा, मग डिझेल किंवा डिग्रीझरने भिजवून, आतून बाहेरच्या दिशेने हवा मारा. हवेच्या वाटेचे पत्रे पुन्हा नीट बसवा. एक पत्रा सुटला तरी हवा आडवाटेने निघून जाते. त्यानंतरही ताप राहिला तर पंख्याच्या हायड्रॉलिक कपलिंगला तेल पोचते का ते पाहा.

टायरची बाहेरची कड झिजली म्हणून अलाइनमेंट करायला नेऊ नका. गाडी रिकामी असली की त्याचे अर्धे अ‍ॅक्सल खाली लोंबतात, चाके खालून आत झुकतात. भाराने ती सरळ होतात. रिकामी जास्त चालवली तर बाहेरची कड जाणारच.

पाटाकमान

टायरचे निघाले आहे तर कातळवाट, तुमच्या गाडीचे चारही टायर एकाच वेळचे आहेत का? ४×४ मध्ये हे फार महत्त्वाचे. पुढचे नवीन आणि मागचे ४ मिलिमीटरने झिजलेले असले तर परिघात २५ मिलिमीटर फरक पडतो. १२.००-२० चा परीघ साधारण ३.५ मीटर, म्हणजे किलोमीटरला २८५ फेरे. फरक जवळजवळ ७ मीटरचा. मधला लॉक किंवा पुढचा अ‍ॅक्सल जोडून डांबरी रस्त्यावर गेलात तर हे ७ मीटर कुठे जाणार? चाक घसरू शकत नाही, म्हणून पीळ प्रॉपेलर शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या गिअरांत भरत जातो. खुणा: स्टिअरिंग जड, गाडी क्लच दाबूनही अडल्यासारखी, आणि लिव्हर किंवा स्विच मारला तरी ४×४ सुटत नाही. लोक मग ट्रान्सफर केस उघडतात. आधी सरळ रेषेत १०-१५ मीटर रिव्हर्स घ्या, बहुधा तेवढ्याने सुटते. नाही सुटले तर बाकीच्या चाकांना ठोकळे लावून एक चाक जॅकवर घ्या. टायर जमिनीवरून सुटताक्षणी झटक्याने फिरतो, म्हणून हात लांब.

टायर मोजताना खोली नव्हे, परीघ मोजा. दोन्ही टायरांत सारखी हवा ठेवून मधोमध पट्टी गुंडाळायची. २५ मिलिमीटरच्या आत असले तर चालेल.

एस_कॅम

आणि २० इंची चाक खोलताना, त्याची रिम अनेक तुकड्यांची असते. रिंग असो किंवा बोल्टने जोडलेल्या दोन अर्धुक्या असोत, एकही नट ढिला करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या आणि तार घालून भोक मोकळे आहे का पाहा. पुन्हा भरताना लोखंडी पिंजऱ्यात, लांब नळीने, समोर उभे न राहता. रिंग बसली नाही असे वाटले तर हातोडी मारू नका, हवा सोडून पुन्हा बसवा.

कातळवाट

सर्वांचे मनापासून आभार. आजचा निकाल: डाव्या बूस्टरचा होज सोडवल्यावर बूस्टरमधूनच हवा आली. केजिंग बोल्ट घालून पूर्ण युनिट बदलले. 'सूं' बंद, दोन्ही चाके कोमट. डिफ लॉकच्या लाइनला प्लग मारून रात्रभर ठेवली, सकाळी ७.८ होते. सील मागवले आहे. डिझेल टाकी उतरवली, तळाला दोनेक लिटर पाणी आणि जाळीवर काळी साय. अजून घाट चढवून पाहिलेला नाही. टायर मोजले, पुढचे-मागचे ११ मिलिमीटरचा फरक.

अ‍ॅक्सलमध्ये इतके दिवस हवा जात होती. तेलाचे काय करू?

पाटाकमान

फरक ११ म्हणजे चालेल. तेलाचे असे करा: रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी ड्रेन प्लग अगदी थोडा ढिला करा. आधी पाणी आले किंवा तेल दुधाळ दिसले तर सगळे काढून टाका, कारण ओढ्यातून नेलेल्या गाडीचा गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात आकसतो आणि सीलमधून पाणी आत ओढतो. तेल स्वच्छ आले तर प्लगच्या चुंबकावर काय आहे ते पाहा. राखाडी लेप असला तर तो नेहमीच्या झिजेचा. नखाने पकडता येईल असे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर सील बसवण्याआधी हौसिंग उघडा. लेव्हल प्लगच्या कडेपर्यंत भरा, गाडी सपाट जागी असताना. डावे-उजवे दोन्ही ड्रम उघडून लाइनरला तेल लागले आहे का तेही याच वेळी बघून घ्या. लागले असेल तर पेट्रोलने पुसून चालत नाही, तापला की आतले तेल पुन्हा वर येते. दोन्ही बाजूंचे लाइनर एकदमच बदलायचे. ब्रेदर नवीन घाला. चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.